चेहऱ्यावरून अंदाज

१९९०च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात संशोधकांनी एका तरुण बाईला कागद-पेन्सिल दिली आणि वेगवेगळ्या भावनांचे चेहरे काढायला सांगितले. तिचा चित्रकलेतला हात चांगला होता. आनंदी चेहरा तिने काढला, दुःखी काढला, रागावलेला, चकित झालेला, किळस आलेला असे सगळे काढले, आणि कुणालाही ओळखू येतील इतके नीट काढले. भीतीची पाळी आली तेव्हा मात्र ती अडली. घाबरलेला चेहरा कसा दिसतो हेच आपल्याला माहीत नाही, असं ती म्हणाली. बरीच खटपट करून अखेर तिने कागदावर उतरवलं ते एक रांगणारं मूल.

वैद्यकीय शोधनिबंधांत ही बाई ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिला उर्बाख-वीटे नावाचा दुर्मीळ जनुकीय आजार आहे. त्यात त्वचा जाड होते, आवाज घोगरा होतो आणि काही रुग्णांच्या मेंदूत कॅल्शियम साचत जातं. एस. एम.च्या बाबतीत ते नेमकं अमिग्डलात साचलं. कानशिलांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या डाव्या-उजव्या भागात, बदामाएवढा पेशींचा एकेक पुंजका असतो, तो अमिग्डला. तिचे दोन्ही अमिग्डला निकामी झाले. बाकी बुद्धी ठीक, बोलणं ठीक, ओळखीची माणसं फोटोवरून ओळखण्यात काही अडचण नाही. पण डोळे विस्फारलेला, तोंड उघडं पडलेला चेहरा समोर धरला की तो माणूस घाबरला आहे हे काही तिच्या लक्षात येईना. राल्फ अॅडॉल्फ्स, डॅनियल ट्रॅनेल आणि हॅना व अँटोनियो डमासिओ या चौघांनी १९९४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ही केस मांडली.

तिला स्वतःलाही भीती फारशी वाटत नव्हती. साप आपल्याला अजिबात आवडत नाहीत असं ती सांगायची. पण संशोधक तिला साप विकणाऱ्या दुकानात घेऊन गेले, तेव्हा तिने एक साप हातात घेतला, कुरवाळला आणि मोठ्या, धोकादायक सापांनाही हात लावू का म्हणून पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

एवढ्यावरून निष्कर्ष काढणं सोपं होतं: मेंदूत भीतीचं एक केंद्र आहे, ते बिघडलं की भीती वाटतही नाही आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतही नाही. पुष्कळांनी तो काढलाही. अकरा वर्षांनी, २००५मध्ये, अॅडॉल्फ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच त्याला मोठा धक्का दिला. तो कसा, हे समजून घ्यायचं तर आधी चेहऱ्याचा मेंदूतला प्रवास पाहायला हवा.

कोण आहे आणि कसा आहे

डोळ्यातल्या दृष्टिपटलावर पडलेल्या प्रकाशाचे संदेश डोक्याच्या मागच्या टोकाला, दृष्टीच्या मुख्य केंद्रात पोचतात. तिथे रेषा, कडा, उजेड-अंधार यांची प्राथमिक छाननी होते. तिथून पुढे चेहऱ्यासाठी खास व्यवस्था आहे. मेंदूच्या खालच्या बाजूला, बहुतेकांत उजवीकडे अधिक ठळक असलेला एक पट्टा घर, खुर्ची, हात यांपेक्षा चेहरा दिसल्यावर कितीतरी जोराने कामाला लागतो. नॅन्सी कॅनविशर यांनी १९९७मध्ये या भागाला ‘फ्युजिफॉर्म फेस एरिया’ असं नाव दिलं. डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत्संदेश मोजले, तर चेहरा दिसल्यावर साधारण १७० मिलिसेकंदांनी एक ठळक लाट उमटलेली दिसते. डोळ्याची पापणी एकदा मिटून उघडण्याआतच समोर चेहरा आहे हे मेंदूला कळलेलं असतं.

मेंदू चेहरा सुटा सुटा पाहत नाही, सगळा मिळून एकदम पाहतो. यॉर्क विद्यापीठातले पीटर थॉम्प्सन यांनी १९८०मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या फोटोत फक्त डोळे आणि तोंड कापून जागच्या जागी उलटे चिकटवले. सगळा फोटो उलटा धरला तर बाई हसतायत, त्यात काही वावगं नाही असं वाटतं. तोच फोटो सुलटा केला की अंगावर काटा येतो. उलट्या चेहऱ्यात डोळे, नाक, तोंड यांचे परस्परसंबंध मेंदूला नीट लावता येत नाहीत आणि भावही बहुतेक त्या संबंधांतच असतो. भुवई किती वर गेली, ओठाचा कोपरा किती खाली आला, हे बाकीच्या चेहऱ्याच्या संदर्भातच कळतं.

इथून पुढे कामाची वाटणी होते. समोरचा माणूस कोण आहे, हे एका बाजूला ठरतं. त्यासाठी चेहऱ्यातलं न बदलणारं तेवढं उचलावं लागतं: नाकाची ठेवण, हनुवटी, दोन डोळ्यांतलं अंतर. तो या क्षणी कसा आहे, हे ठरवायला बदलणारं तेवढं बघावं लागतं: नजर कुठे आहे, ओठ काय करतायत, कपाळावर आठ्या आहेत का. जेम्स हॅक्सबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००मध्ये या वाटणीचा आराखडा मांडला. पहिलं काम मुख्यतः फ्युजिफॉर्मकडे. दुसऱ्यात पुढाकार कानाच्या वरच्या अंगाने जाणाऱ्या मेंदूच्या एका लांब घडीकडे. भिंत पक्की नाही, दोन्हींत देवाणघेवाण चालूच असते. पण वाटणी खरी आहे, हे रुग्ण पाहिले की पटतं. जर्मन मेंदूतज्ज्ञ योआखिम बोडामर यांनी १९४७मध्ये डोक्याला जखमा झालेल्या अशा रुग्णांचं वर्णन केलं, ज्यांना जवळच्या माणसांचेही चेहरे ओळखता येईनासे झाले होते. अशा रुग्णांपैकी काहींना समोरचा चेहरा बायकोचा आहे हे कळत नाही, पण ती चिडली आहे हे बरोबर कळतं.

डोळ्यांकडे बघ!

जिनिव्हातल्या एका रुग्णाची गोष्ट आणखी चक्रावणारी आहे. पेशाने डॉक्टर असलेल्या या गृहस्थांना लागोपाठ दोन वेळा पक्षाघात झाला आणि दोन्ही बाजूंची दृष्टिकेंद्रं नष्ट झाली. डोळे शाबूत, तरी ते पूर्ण आंधळे. अॅलन पेन्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना पडद्यावर रागीट आणि हसरे चेहरे दाखवले आणि नुसता अंदाज करायला सांगितलं. शंभरात साठच्या आसपास उत्तरं बरोबर आली. गोल की चौकोन, बाई की पुरुष असं विचारलं, तेव्हा मात्र छापा-काट्याइतकंच यश. मेंदूचं स्कॅनिंग केल्यावर दिसलं की भावदर्शक चेहरा समोर आला की त्यांचा उजवा अमिग्डला जागा होतो. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणामुळे, डोळ्यांकडून अमिग्डलाकडे मुख्य केंद्र टाळून जाणारी एखादी आडवाट असावी, या मताला जोर आला. ती वाट माणसात नेमकी किती कामाची आहे, यावर मेंदूशास्त्रज्ञांत अजून जोरदार वाद आहे. पण चेहऱ्यावरचा भाव आपल्या जाणिवेत उतरण्याआधीच मेंदूत त्याची दखल घेतली जाते, याबद्दल दुमत उरलेलं नाही.

दखल नेमकी कशाची? पॉल व्हेलन आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये चेहरा बाजूलाच ठेवला आणि काळ्या पडद्यावर फक्त डोळ्यांचा पांढरा भाग दाखवला. कधी घाबरून विस्फारलेल्या डोळ्यांचा, कधी हसऱ्या डोळ्यांचा. तोही १७ मिलिसेकंद, म्हणजे आपण काही पाहिलं हे बघणाऱ्याला कळूही नये इतकाच वेळ. विस्फारलेल्या डोळ्यांच्या पांढऱ्याने अमिग्डला जास्त चेतवला गेला.

आता पुन्हा एस. एम.कडे येऊ. २००५च्या प्रयोगात अॅडॉल्फ्स यांच्या गटाने ती चेहरा बघताना नजर कुठे टाकते हे मोजलं. आपली नजर कुठल्याही चेहऱ्यावर आपोआप डोळ्यांकडे जाते. तिची जात नव्हती. नाक, तोंड, गाल यांवर ती रेंगाळायची. हसू तोंडावरून कळतं, त्यामुळे आनंद ओळखायला तिला त्रास नव्हता. भीती मुख्यतः डोळ्यांत दिसते आणि तिथेच ती बघत नव्हती. मग संशोधकांनी तिला साधी सूचना दिली: डोळ्यांकडे बघ. तिने बघितलं, आणि इतकी वर्षं न ओळखता आलेली भीती तिला चारचौघांसारखी ओळखता आली. सूचना देणं थांबवलं की नजर पुन्हा नाका-तोंडावर, आणि भीती पुन्हा बेपत्ता.

तेव्हा भीतीचा चेहरा कसा असतो याची माहिती अमिग्डलात साठवलेली होती आणि ती पुसली गेली, असं झालेलं नव्हतं. अमिग्डलाचं काम त्याच्या आधीचं आहे. दाराची कडी वाजली की ओसरीवर बसलेली आजी स्वतः उठत नाही, ‘कोण आलंय बघ गं’ म्हणून घरात हाक देते, तसा तो बाकीच्या मेंदूला महत्त्वाच्या जागी बघायला लावतो. ‘भीतीचं केंद्र’ या कल्पनेला २०१३मध्ये आणखी एक हादरा बसला. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण ३५ टक्के असलेली हवा हुंगवल्यावर, सापाला न घाबरणारी एस. एम. चक्क भेदरली. शरीराच्या आतून आलेल्या धोक्याला तिचा मेंदू अमिग्डलाशिवायही भीतीने उत्तर देऊ शकत होता.

आपल्या शरीराची मदत

समोरचा हसला की आपल्याही ओठांचे कोपरे हलतात; बहुधा इतके कमी की आरशातही दिसू नये. स्वीडनमधले उल्फ डिमबर्ग यांनी गालाच्या आणि भुवयांच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून ही हालचाल मोजली. हसरा चेहरा पाहताना गालाचा स्नायू चाळवतो, रागीट चेहरा पाहताना भुवया आवळणारा. चेहरा जाणिवेत येऊ नये इतक्या झटकन दाखवला तरीही हे होतं.

मग आपण दुसऱ्याचा भाव स्वतःच्या शरीरावर उमटवून ओळखतो का? याच्या बाजूने चांगले पुरावे आहेत. अॅडॉल्फ्स यांच्या गटाने २०००मध्ये मेंदूला ठिकठिकाणी इजा झालेले १०८ रुग्ण तपासले. भाव ओळखण्यात जे कच्चे ठरले, त्यांच्यापैकी अनेकांची इजा मेंदूच्या उजव्या बाजूच्या अशा भागात होती, जिथे आपल्या स्वतःच्या शरीराच्या संवेदना नोंदवल्या जातात. किळसेचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. मेंदूच्या घडीत दडलेला इन्शुला नावाचा भाग घाणेरडा वास आल्यावर चेतवला जातो. २००३च्या एका प्रयोगात, दुसरा कोणी नाक मुरडताना नुसता पाहिला तरी तोच भाग चेतवला जातो असं दिसलं. इन्शुला आणि त्याच्या जवळच्या भागाला इजा झालेल्या एका ब्रिटिश रुग्णाला बाकी भाव ओळखता येत, किळस तेवढी ओळखता येत नव्हती.

२०११मध्ये अमेरिकेत डेव्हिड नील आणि तान्या चारट्रँड यांनी बोटॉक्सची इंजेक्शनं घेतलेल्या बायका तपासल्या. सुरकुत्या घालवण्यासाठी बोटॉक्स स्नायूच लुळे करतं. दुसऱ्याचा भाव ओळखण्यात त्या बायका, स्नायूंना हात न लावणारं सौंदर्योपचाराचं दुसरं इंजेक्शन घेतलेल्या बायकांपेक्षा थोड्या मागे पडल्या.

पण या तर्काला मर्यादा आहे, आणि ती म्योबियस सिंड्रोम असलेल्या माणसांनी दाखवून दिली. चेहऱ्याच्या स्नायूंच्या नसा जन्मतःच अधू असल्याने त्यांना हसता येत नाही, भुवई उंचावता येत नाही. स्वतः म्योबियस असलेल्या मानसशास्त्रज्ञ कॅथलीन बोगार्ट यांनी डेव्हिड मात्सुमोतो यांच्यासोबत २०१०मध्ये अशा ३७ जणांची चाचणी घेतली. दुसऱ्यांचे भाव ओळखण्यात ते कुठेही कमी पडले नाहीत. आपला चेहरा मदत करतो. पण त्याच्याविना मेंदूचं अडत नाही.

आईच्या तोंडाकडे बघून

हे सगळं जन्मतः येतं की शिकावं लागतं? नवजात बाळ चेहऱ्यासारख्या आकाराकडे इतर आकारांपेक्षा जास्त बघतं, एवढी सुरुवात निसर्गाने करून दिलेली असते. पुढचं शिक्षण घरात होतं. ते कसं होतं, हे दाखवणारा एक प्रयोग जेम्स सोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५मध्ये प्रसिद्ध केला.

एक मोठं टेबल, वर जाड काच. अर्ध्या भागात काचेला लागून चौकड्यांचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड ३० सेंटिमीटर खाली. बघणाऱ्याला वाटावं की पुढे खड्डा आहे. भीती वाटावी इतका खोल नाही, सरळ निघून जावं इतका उथळही नाही. एका टोकाला वर्षाचं मूल, दुसऱ्या टोकाला आई आणि एक छानसं खेळणं. मूल रांगत खड्ड्याच्या काठापर्यंत येतं, खाली बघतं, थांबतं आणि मान वर करून आईकडे बघतं. आईने तोंडातून शब्द काढायचा नाही. ठरवून दिलेला एकच भाव चेहऱ्यावर धरायचा. आई हसली तेव्हा १९पैकी १४ मुलं काचेवरून पलीकडे गेली. आईच्या चेहऱ्यावर भीती होती, तेव्हा १७पैकी एकही गेलं नाही. खड्डाच नसेल तेव्हा बहुतेक मुलं आईकडे बघायला थांबतच नव्हती. काय करावं याचा संभ्रम पडला, तरच त्यांना आईच्या तोंडाकडे बघायची गरज वाटायची.

मूल ज्या घरात वाढतं, त्या घरचे चेहरे त्याच्या मेंदूला घडवतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातले सेथ पोलाक यांनी मारहाण सोसलेल्या मुलांचा अभ्यास केला. एका भावातून दुसऱ्या भावात हळूहळू बदलत जाणारे चेहरे त्यांनी मुलांना दाखवले. ज्या चेहऱ्यात भीती किंवा दुःख जास्त आणि रागाची छटा थोडी, त्यालाही ही मुलं ‘रागावलेला’ म्हणायची. अस्पष्ट चेहरा हळूहळू स्पष्ट होत गेला तर राग ती इतर मुलांच्या आधी ओळखायची. हा नुसता दोष म्हणता येणार नाही. त्या घरात राग क्षणभर आधी कळणं ही संरक्षणाची सोय होती. पंचाईत होते ती शाळेत, जिथे बाईंच्या कपाळावर आठी पडली ती फळ्यावरचं अक्षर नीट दिसत नसल्यामुळे.

नगर जिल्ह्यातली माणसं आणि डार्विन

चेहऱ्यावरचे भाव सगळ्या मानवजातीत सारखेच असतात का, हा प्रश्न चार्ल्स डार्विन यांनी पत्रव्यवहाराने सोडवायचा प्रयत्न केला. १८६७मध्ये त्यांनी १६ प्रश्नांची एक छापील यादी जगभरच्या मिशनऱ्यांना, अधिकाऱ्यांना, ओळखीच्या लोकांना पाठवली. आश्चर्य वाटलं की तुमच्याकडचे लोक डोळे आणि तोंड उघडून भुवया वर करतात का? लाजल्यावर चेहऱ्याचा रंग बदलतो का? अशा धर्तीचे प्रश्न. उत्तरांच्या आधारे त्यांनी १८७२मध्ये माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावरचं आपलं पुस्तक काढलं. मुंबई इलाख्यातून त्यांना एच. अर्स्किन यांनी माहिती कळवली; त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या लोकांचं निरीक्षण केलं होतं. डार्विन यांनी प्रस्तावनेतच नोंदवलं आहे की अर्स्किन यांना खात्रीचे निष्कर्ष काढणं फार जड गेलं, कारण इथले लोक युरोपियनांसमोर आपल्या भावना नेहमी लपवूनच ठेवत.

नगरच्या त्या माणसांनी नकळत डार्विन यांच्या सोळा प्रश्नांत नसलेला सतरावा प्रश्न पुढे केला होता: बघणारा कोण आहे? साहेबासमोर चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही, हे ज्याला कळतं त्याचा चेहरा घरी आणि कचेरीत एकच गोष्ट कशी सांगेल?

भाव सगळीकडे सारखेच असतात ही डार्विन यांची बाजू शंभर वर्षांनी पॉल एकमन यांनी उचलली. १९६७-६८मध्ये ते पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात फोरे लोकांकडे गेले. सिनेमा, मासिकं, गोरी माणसं यांच्याशी या लोकांचा संबंध जवळजवळ आला नव्हता. एक छोटी गोष्ट सांगायची, उदाहरणार्थ ‘याचं मूल वारलं आहे’, आणि तीन फोटोंतला कोणता चेहरा या माणसाचा, ते विचारायचं. बहुतेक वेळा फोरे लोकांनी अमेरिकनांना अपेक्षित असलेलाच फोटो उचलला. फक्त भीती आणि आश्चर्य त्यांना वेगळं करता येईना. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस या सहा भावना आणि त्यांचे सहा सार्वत्रिक चेहरे हा सिद्धांत त्यातूनच जगभर पसरला.

पण त्याच देशातल्या ट्रोब्रियांड बेटांवर कार्लोस क्रिवेली आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये दाखवून दिलं की डोळे विस्फारलेला, आ वासलेला चेहरा तिथल्या तरुणांना घाबरलेला वाटत नाही. त्यांच्या लेखी तो धमकावणारा चेहरा आहे. आपल्या जवळचं उदाहरण जीभ चावण्याचं. चूक लक्षात आली की दातांत जिभेचं टोक धरणारा माणूस ओशाळला आहे, हे भुवनेश्वरच्या लोकांना लगेच कळलं आणि अमेरिकनांना कळलं नाही, असं जोनाथन हाइट आणि डॅकर केल्टनर यांना १९९९मध्ये आढळलं. ग्लासगोमधल्या रेचेल जॅक यांच्या २००९च्या प्रयोगात चिनी-जपानी वंशाच्या प्रेक्षकांची नजर मुख्यतः डोळ्यांवर खिळलेली दिसली, तर युरोपीय प्रेक्षकांची डोळे-तोंड अशी सगळीकडे फिरत होती. नजर कुठे टाकायची हेसुद्धा आपण आपल्या माणसांत शिकतो.

जिंकला की हरला?

समजा, हे सगळे फरक बाजूला ठेवले, चेहरा आपल्याच माणसाचा आहे, भाव उघड आणि तीव्र आहे. मग तरी तो नुसत्या चेहऱ्यावरून कळतो का? हिलेल अवीएझर, याकोव्ह ट्रोप आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २०१२मध्ये ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग छापला. मोठ्या सामन्यात अटीतटीचा गुण जिंकलेल्या किंवा गमावलेल्या व्यावसायिक टेनिसपटूंचे त्या क्षणाचे फोटो त्यांनी घेतले. काही लोकांना पूर्ण फोटो दाखवला, काहींना डोकं पुसून फक्त शरीर, काहींना फक्त चेहरा. पूर्ण फोटो पाहणाऱ्यांना जिंकलेला-हरलेला सहज कळला. फक्त शरीर पाहणाऱ्यांनाही कळला. फक्त चेहरा पाहणाऱ्यांना काहीच सांगता येईना. जिंकणारा काय, हरणारा काय, दोन्ही चेहरे त्यांना यातनांनी पिळवटल्यासारखे वाटले. मग संशोधकांनी जिंकलेल्याचं डोकं हरलेल्याच्या धडावर बसवलं, तेव्हा लोकांनी धडाप्रमाणे भाव ठरवला.

त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. पूर्ण फोटो पाहणाऱ्यांना विचारलं, तुम्ही कशावरून ओळखलंत? निम्म्याहून अधिक जणांचं उत्तर: चेहऱ्यावरून. उत्तर आलं होतं शरीराकडून, श्रेय मिळालं चेहऱ्याला. मेंदूने मुठी, खांदे, छाती, मैदान या सगळ्याची बेरीज करून निकाल चेहऱ्यावर लिहिला आणि आपण तो तिथे ‘पाहिला’.

मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०१९मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. शहरी माणसं रागावलेली असताना भुवया आवळून दातओठ खातात ते साधारण ३० टक्के वेळा, असं त्यातून पुढे आलं. उरलेल्या वेळी कोणी गप्प होतो, कोणी रडतो, कोणी हसत हसत पुढचा डाव आखतो. आणि भुवया आवळलेला माणूस चिडलेला असेलच असंही नाही. तो हिशेब जुळवत असेल किंवा पोटात कळ आली असेल.

कॅमेऱ्याच्या हाती निकाल

हा सगळा तपशील अभ्यासकांपुरता राहिला असता. पण आता चेहऱ्यावरून भावना ‘ओळखणारी’ सॉफ्टवेअर विकत मिळतात. जानेवारी २०२१मध्ये लखनौ पोलिसांनी रस्त्यावरच्या बायकांच्या चेहऱ्यावरून त्या संकटात आहेत का हे ओळखणारे कॅमेरे बसवण्याची योजना जाहीर केली. छेडछाड करणाऱ्याकडे अनोळखी बाई बहुतेकदा मख्ख चेहऱ्यानेच बघते, आणि फोनवर मैत्रिणीशी भांडणारीचा चेहरा संकटात असल्यासारखा दिसू शकतो, हे या कॅमेऱ्याला कुठून कळणार? स्नायू किती हलला हे तो मोजेल, तेही आपल्यापेक्षा अचूक मोजेल. पण आपला मेंदू चेहऱ्याबरोबर धड, आवाज, जागा, वेळ, मागची ओळख हे सगळं जमेस धरतो आणि तरीही चुकतो. कॅमेऱ्याकडे त्यातलं बहुतेक काहीच नसतं. मायक्रोसॉफ्टने २०२२मध्ये आपल्या चेहरा-विश्लेषण सेवेतून भावना ओळखण्याची सोय काढून घ्यायचं ठरवलं. युरोपीय संघाच्या २०२४च्या कायद्यानुसार, वैद्यकीय किंवा सुरक्षिततेचं कारण नसेल तर नोकरीच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजात अशी यंत्रं वापरायला फेब्रुवारी २०२५पासून बंदी आहे.

यंत्राला जो नियम लावायचा तो स्वतःलाही लावायला हरकत नाही. मुलाखतीत उमेदवाराचा चेहरा पडला म्हणून तो खोटं बोलतोय, वर्गातल्या मुलाने वर बघितलं नाही म्हणून तो उर्मट आहे, सून हसली नाही म्हणून ती नाराज आहे, असे निकाल आपला मेंदू दिवसभर क्षणाक्षणाला देत असतो. क्षणार्धात सुचलेला अंदाज डोळ्यांनी पाहिल्यासारखा खात्रीचा वाटतो, पण टेनिसचे फोटो पाहणारेही तितक्याच खात्रीने बोलत होते. तेव्हा खात्री कितीही वाटली तरी ‘काय झालं?’ असं एकदा विचारून घ्यावं. उत्तर मिळालं की त्यात शब्दांइतकाच आवाजही ऐकावा. चढलेला, दबलेला, थरथरणारा आवाज मेंदू कसा ओळखतो, ते पुढच्या प्रकरणात.